परदेशात राहताना भारतातील वाहन परवाना कसा जपावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी परदेशी निघालेला माणूस पासपोर्ट, व्हिसा आणि पदवीची प्रमाणपत्रे यांच्या चार-चार प्रती काढून ठेवतो. वाहन चालवण्याचा परवाना मात्र पाकिटात असतो तसाच राहतो. काही वर्षांनी सुट्टीवर आल्यावर गाडीची किल्ली हातात घेताना कार्डावरची तारीख पाहिली जाते, आणि ती उलटून गेलेली असते. महाराष्ट्र आणि गोव्यातून बाहेर गेलेल्या मंडळींकडून याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. परवाना वैध आहे का, आणि त्या परवान्यावर अमुक देशात गाडी चालवता येते का, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर भारतीय कायदा देतो आणि दुसऱ्याचे त्या-त्या देशाचा कायदा. बहुतेक घोटाळे या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे होतात, म्हणून पुढची उत्तरे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

मी परदेशात स्थायिक झालो, तर माझे भारतातले लायसन्स आपोआप रद्द होते का?

होत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार दिलेला परवाना त्यावर छापलेल्या मुदतीपर्यंत वैध राहतो, आणि धारकाने देश सोडला एवढ्या कारणाने तो संपुष्टात येत नाही. पुढे तुम्ही दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आणि ओसीआय कार्डधारक झालात, तरी परवाना केवळ त्यामुळे बाद होत नाही, कारण परवाना मिळण्यासाठी भारतीय नागरिक असण्याची अट या अधिनियमात नाही. नूतनीकरणाच्या वेळी ओळख आणि पत्ता यांचे पुरावे मात्र द्यावे लागतात. भारतीय पासपोर्ट परत केलेला असेल, तर पत्त्याचा दुसरा कोणता पुरावा आपल्याकडे आहे, याचा विचार आधीच करून ठेवावा.

मग मुदत शिल्लक असेपर्यंत त्याच लायसन्सवर परदेशात गाडी चालवता येईल ना?

पर्यटक म्हणून गेलेल्या व्यक्तीला बहुतेक देश काही काळ मुभा देतात. रहिवासी झाल्यावर ती मुभा लवकर संपते. तुमच्या कार्डावर २०३५ साल छापलेले असले, तरी त्याने या मर्यादेत काहीच फरक पडत नाही.

ब्रिटनमध्ये भारतीय परवान्यावर रहिवासी झाल्यापासून १२ महिने मोटार चालवता येते. परवाना थेट बदलून देण्यासाठी ज्या देशांशी ब्रिटनची व्यवस्था आहे, त्यांत भारत नाही. त्यामुळे त्यानंतर तेथील तात्पुरता परवाना काढून लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. येथे अनेक जण वर्षभर गाडी चालवतात आणि तेराव्या महिन्यात जागे होतात. प्रत्यक्ष परीक्षेची तारीख मिळायला बराच वेळ लागू शकतो, म्हणून तात्पुरता परवाना पहिल्या काही महिन्यांतच काढून ठेवणे शहाणपणाचे आहे. बारा महिने उलटल्यानंतर भारतीय परवान्यावर गाडी चालवणारा माणूस तेथील कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना चालक असतो.

जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने भारतीय परवाना चालतो, आणि सोबत त्याचे मान्यताप्राप्त जर्मन भाषांतर बाळगावे लागते. आपला मुक्काम वर्षभरापेक्षा अधिक नाही असे दाखवता आले, तर ही मुदत वाढवून मिळू शकते. पुढे जर्मन परवाना हवा असल्यास लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा दोन्ही द्याव्या लागतात. मात्र ज्याच्याकडे आधीपासून परवाना आहे त्याच्यावर शिकवणीच्या ठरावीक तासांची सक्ती नसते. नवशिक्याला या तासांसाठी मोठी रक्कम मोजावी लागते, त्यामुळे भारतीय परवाना जपून ठेवल्याचा लाभ येथे थेट पैशांत दिसतो.

नेदरलँड्समध्ये नोंदणी झाल्यापासून १८५ दिवस भारतीय परवाना चालतो. उच्चकुशल कर्मचाऱ्यांना तेथे ‘तीस टक्के’ म्हणून ओळखली जाणारी करसवलत मिळते. ती ज्याला लागू आहे त्याला, आणि त्याच्या सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांना, परीक्षा न देता भारतीय परवाना बदलून डच परवाना घेता येतो. त्यासाठी परवाना वैध असावा लागतो, आणि तो ज्या वर्षी काढला त्या वर्षी तुम्ही भारतात किमान १८५ दिवस राहिलेले असावे लागते. परदेशी गेल्यावर छोट्या सुट्टीत येऊन घाईने काढलेला परवाना अशा ठिकाणी उपयोगी पडत नाही.

अमेरिकेत सबंध देशाला एकच नियम नाही. कॅलिफोर्नियात वास्तव्य सुरू झाल्यापासून दहा दिवसांत, न्यूयॉर्कमध्ये ३० दिवसांत आणि टेक्सासमध्ये ९० दिवसांत राज्याचा परवाना घेणे अपेक्षित आहे. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात ही मुदत ६० दिवसांची आहे. संयुक्त अरब अमिरातीत भेटीवर आलेल्या व्यक्तीला आंतरराष्ट्रीय परवान्यावर गाडी चालवता येते; निवासी व्हिसा लागल्यावर मात्र स्थानिक परवाना घ्यावाच लागतो, आणि परवाना थेट बदलून मिळणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही.

दर वर्षी सुट्टीत भारतात जाऊन आल्यावर ही मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते का?

रहिवाशाच्या बाबतीत मोजली जात नाही. ब्रिटनमधील १२ महिने तुम्ही रहिवासी झालात त्या दिवसापासून धरले जातात, आणि दिवाळीला घरी जाऊन आल्याने ते नव्याने सुरू होत नाहीत. जपानमध्ये तर याविषयी स्पष्ट नियमच आहे: तेथील रहिवासी म्हणून नोंद असलेली व्यक्ती देशाबाहेर सलग तीन महिने राहिली नसेल, तर परतल्यावर आंतरराष्ट्रीय परवान्यावर गाडी चालवता येण्याचे एक वर्ष नव्याने मोजले जात नाही. टोकियोच्या परिसरात आपली बरीच मंडळी राहतात, म्हणून तेथील आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. भारतीय परवान्याच्या आधारे जपानी परवाना घ्यायचा असेल, तर परवाना मिळाल्यानंतर तुम्ही भारतात एकूण किमान तीन महिने राहिल्याचे पासपोर्टवरील शिक्क्यांवरून दाखवावे लागते. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून लेखी परीक्षा कडक झाली असून पूर्वीच्या दहाऐवजी ५० प्रश्न येतात. जुना पासपोर्ट टाकून देऊ नये, तो अशा वेळी लागतो.

माझ्या भारतीय परवान्याची मुदत नेमकी केव्हापर्यंत आहे?

कार्डावर छापलेली तारीख प्रमाण मानावी. कार्डावर खासगी वाहनांसाठी आणि व्यावसायिक वाहनांसाठी अशा दोन निरनिराळ्या मुदती छापलेल्या असू शकतात; घरची मोटार किंवा दुचाकी चालवणाऱ्याने ‘एनटी’ या अक्षरांपुढची तारीख पाहावी.

ही तारीख कशी ठरते तेही समजून घ्यावे. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी खासगी वाहनांचा परवाना २० वर्षे किंवा वयाची ५० वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर दिला जात असे. दुरुस्तीनंतर परवाना काढतेवेळी अथवा नूतनीकरणाच्या वेळी वय तिशीच्या आत असेल, तर तो चाळिसाव्या वर्षापर्यंत मिळतो. ३० ते ५० या वयात दहा वर्षांसाठी, ५० ते ५५ या वयात साठाव्या वर्षापर्यंत आणि ५५ नंतर दर वेळी पाच वर्षांसाठी मिळतो. जुन्या नियमाने दिलेल्या परवान्यावरची तारीख मात्र आहे तशीच राहते. उदाहरणार्थ, २००७ साली एकविसाव्या वर्षी परवाना काढून पुढे परदेशी गेलेल्या व्यक्तीचा परवाना २०२७ साली संपतो. ‘वीस वर्षांचे आहे, अजून पुष्कळ अवकाश आहे’ असे म्हणत राहिलेली ही सगळी पिढी आता मुदतीच्या उंबरठ्यावर उभी आहे.

नूतनीकरण किती आधी करता येते, आणि उशीर झाला तर काय होते?

मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून ती संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. परदेशात राहणाऱ्यांसाठी हा दोन वर्षांचा अवकाश फार मोलाचा आहे, कारण त्यात भारताची एक तरी फेरी सहसा होतेच. मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ लोटला, तर वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा उत्तीर्ण झाल्याशिवाय परवान्याचे नूतनीकरण होत नाही. पूर्वी यासाठी पाच वर्षांची सवलत होती आणि अनेकांच्या मनात अजूनही तोच आकडा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तो एक वर्षावर आणला.

त्याच दुरुस्तीने आणखी एक सवलत काढून घेतली, आणि तिच्याविषयी फारच थोड्यांना माहिती असते. पूर्वी मुदत संपल्यानंतरही ३० दिवस परवाना वैध मानला जाई. आता तसे नाही. नूतनीकरणासाठी एक वर्ष हाताशी असले, तरी त्या वर्षात गाडी चालवण्याची परवानगी नसते. मुदत काल संपली असेल, तर आज तुमच्याकडे वैध परवाना नाही, एवढे ते सरळ आहे. वैध परवान्याविना गाडी चालवल्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दंडापेक्षाही मोठी काळजी विम्याची आहे. सुट्टीवर आलेला माणूस बहुतेक वेळा भावाची, वडिलांची किंवा मित्राची गाडी चालवत असतो. अपघात झाला आणि चालकाचा परवाना मुदतबाह्य निघाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते; जखमी झालेल्या तिऱ्हाइताला द्यावी लागणारी भरपाई कंपनीने आधी चुकती केली, तरी ती गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालये तिला देतात. म्हणजे निष्काळजीपणा पाहुण्याचा, आणि भुर्दंड घरच्यांना. हे टाळण्यासाठी विमानाचे तिकीट काढताना परवान्यावरची तारीखही पाहायची, एवढी एकच सवय पुरेशी आहे.

परदेशातील भारतीय दूतावासात परवान्याचे नूतनीकरण होते का?

होत नाही. परवान्याचे नूतनीकरण हे भारतातील परवाना प्राधिकाऱ्याचे, म्हणजे आपल्या परिचयाच्या आरटीओचे काम आहे. मात्र आता त्यासाठी दर वेळी कार्यालयात जावे लागत नाही. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने आधार पडताळणीच्या आधारे मिळणाऱ्या १८ सेवा जाहीर केल्या. ज्याला पुन्हा चाचणी द्यावी लागणार नाही अशा परवान्याचे नूतनीकरण, दुय्यम प्रत, पत्त्यातील बदल आणि आंतरराष्ट्रीय परवाना यांचा त्यांत समावेश आहे. हे अर्ज परिवहन मंत्रालयाच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर करता येतात. केंद्रीय नियमांनुसार नूतनीकरणाचे मूळ शुल्क २०० रुपये असून स्मार्ट कार्डाचे २०० रुपये त्याव्यतिरिक्त लागतात. उशीर झाल्यास जादा शुल्क पडते.

हे सर्व आधारला जोडलेल्या मोबाइल क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीवर अवलंबून आहे, आणि परदेशातल्यांची गाडी येथेच अडते. जुना भारतीय क्रमांक बंद पडलेला असतो, किंवा आधारला जोडलेला क्रमांक कॉलेजच्या दिवसांतला असतो. प्रीपेड क्रमांक ९० दिवस वापरला नाही आणि त्यात किमान शिल्लक रक्कमही नसेल, तर कंपनी तो बंद करू शकते. म्हणून एक भारतीय क्रमांक रोमिंगसह चालू ठेवावा आणि पुढच्या भेटीत तो आधारला जोडून घ्यावा. ज्यांच्याकडे आधार नाही, पण वैध भारतीय पासपोर्ट आहे, अशा अनिवासी भारतीयांना भारतात आल्यावर आधारसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी १८२ दिवस वाट पाहण्याची अट त्यांना नाही.

माझे वय चाळिशीच्या पुढे आहे. मग परदेशात बसून नूतनीकरण होईल का?

चाळिशीनंतर नूतनीकरणाच्या अर्जाला नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, आणि ते नोंदणीकृत डॉक्टरने तुम्हाला तपासून द्यायचे असते. दृष्टी, रंग ओळखण्याची क्षमता, श्रवण आणि हातापायांची हालचाल यांविषयीची ती तपासणी आहे. ती भारताच्या भेटीत करून घ्यावी. माणूस समोर नसताना ‘ओळखीच्या डॉक्टरांकडून’ प्रमाणपत्र मिळवण्याचा मार्ग काही जण सुचवतात. तो मी कोणालाही सुचवणार नाही. चाळिशीनंतर नजर बदलते, रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास वाढतो, आणि ही तपासणी रस्त्यावरच्या सगळ्यांच्या जिवासाठी ठेवलेली आहे. चाळिशीच्या आतल्यांना प्रकृतीविषयीची स्वयंघोषणा पुरते.

नवीन कार्ड कोणत्या पत्त्यावर येते?

कार्ड स्पीड पोस्टाने नोंदीतल्या भारतातील पत्त्यावर येते, आणि अर्ज मंजूर झाल्यानंतर खरी अडचण पुष्कळदा येथेच उद्भवते. नोंदीत जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता असतो, किंवा आईवडील आता धाकट्या मुलाकडे राहायला गेलेले असतात. पोस्टमन येतो, दाराला कुलूप पाहतो, शेजारी ‘ते परदेशात असतात’ असे सांगतात, आणि पाकीट पाठवणाऱ्या कार्यालयाकडे परत जाते. मग ते सोडवून घेण्यासाठी कोणाला तरी कार्यालयात खेपा घालाव्या लागतात. म्हणून पत्ता बदललेला असेल, तर नूतनीकरणाबरोबरच त्याचाही अर्ज करावा. पाकीट निघाल्यावर त्याचा स्पीड पोस्ट क्रमांक घरच्यांना कळवावा, आणि सोसायटीच्या कार्यालयातही पूर्वसूचना देऊन ठेवावी. कार्ड हाती येईपर्यंत डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या अ‍ॅपमधील परवाना भारतात कायदेशीररीत्या ग्राह्य आहे. परदेशातील पोलीस किंवा गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्या मात्र छापील कार्डच मागतात.

आंतरराष्ट्रीय परवाना काढला की भारतीय परवाना बाळगण्याची गरज उरत नाही, हे खरे आहे का?

अगदी उलट आहे. आंतरराष्ट्रीय परवाना हे मूळ परवान्याचे अनेक भाषांतले अधिकृत रूप आहे. मूळ परवाना सोबत नसेल, तर त्याला अर्थ राहत नाही. भारत हा परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार देतो. त्याची मुदत एक वर्ष असते, आणि मूळ परवाना त्याआधी संपणार असेल तर तोवरच असते. त्यासाठी नमुना ४-अ मध्ये अर्ज करावा लागतो आणि शुल्क एक हजार रुपये आहे.

परदेशात असताना त्याची मुदत संपली तर काय, याची सोय जानेवारी २०२१ पासून झाली आहे. भारतीय नागरिकाला त्या देशातील भारतीय दूतावासामार्फत नव्या आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी अर्ज करता येतो, शुल्क दोन हजार रुपये आहे, आणि संबंधित आरटीओ तो परदेशातील पत्त्यावर पाठवते. मात्र त्यासाठीही मूळ भारतीय परवाना जिवंत असावा लागतो. या सोयीचा उपयोग करून वर्षामागून वर्षे स्थानिक परवाना टाळता येईल, असे समजू नये. रहिवाशांसाठीच्या मुदती वर सांगितल्या आहेत, आणि आंतरराष्ट्रीय परवाना नवा केल्याने त्या वाढत नाहीत.

दोन देशांचे परवाने एकाच वेळी जवळ ठेवणे गुन्हा आहे का?

भारतीय कायद्याच्या बाजूने अडचण नाही. अधिनियमाच्या कलम ६ नुसार एका व्यक्तीला एकाच वेळी दोन परवाने बाळगता येत नाहीत, हे खरे; परंतु या कायद्यातील ‘परवाना’ म्हणजे याच अधिनियमाखाली दिलेला परवाना. पुण्यात एक आणि बेळगावात दुसरा असे चालत नाही. ब्रिटनचा परवाना मात्र त्या व्याख्येत बसत नाही. दुसऱ्या बाजूने, तुम्ही जेथे राहता त्या देशाचा नियम पाहावा लागतो. ब्रिटनमध्ये परीक्षा देऊन नवा परवाना घेताना भारतीय परवाना देऊन टाकावा लागत नाही. जर्मनीत नवा परवाना हाती देताना आधीचा परदेशी परवाना जमा करून घेतला जातो, आणि नेदरलँड्समध्ये बदली करून घेतानाही तो द्यावा लागतो.

परवाना परदेशी कार्यालयात जमा केला. आता भारतात ‘हरवला’ म्हणून दुय्यम प्रत काढावी का?

काढू नये. हा सल्ला अगदी सहज दिला जातो, आणि देणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. परंतु हरवला असे लिहून देणे म्हणजे सरकारी कार्यालयापुढे खोटे निवेदन करणे आहे, आणि त्यासाठी पोलिसांत तक्रार नोंदवली, तर खोटी माहिती दिल्याचा दोष त्यात आणखी जोडला जातो. परवाना जमा करण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढून ठेवावी, जमा केल्याची लेखी पोच मागून घ्यावी, आणि कायमचे भारतात परतताना तो परत मिळण्याची काय व्यवस्था आहे, ते त्याच कार्यालयात विचारून ठेवावे. भारतात दुय्यम प्रतीची खरोखर गरज भासली, तर परवाना कोठे आणि का जमा आहे हे अर्जात खरे लिहून, पोच जोडून विचारणा करावी. वेळ लागेल, पण पुढे कोणत्याही चौकशीत मान खाली घालावी लागणार नाही.

जुन्या परवान्याचा ‘एक्स्ट्रॅक्ट’ म्हणजे काय आणि तो कशाला लागतो?

तुमचा परवाना प्रथम कधी दिला गेला, कोणत्या वाहनांसाठी दिला आणि तो आज वैध आहे का, याचा आरटीओच्या नोंदीतला उतारा म्हणजे एक्स्ट्रॅक्ट. ‘सारथी’वर त्यासाठी वेगळा अर्ज आहे. ज्या देशांत भारतातला अनुभव मोजला जातो, तेथे या कागदाचे वजन मोठे असते. ओंटारियोमध्ये चालकांना टप्प्याटप्प्याने परवाने दिले जातात आणि नवशिक्याला पूर्ण परवान्यापर्यंत पोहोचायला बराच काळ लागतो. दोन वर्षांहून अधिक अनुभव असल्याचे मूळ प्राधिकाऱ्याच्या किंवा दूतावासाच्या पत्राने सिद्ध केले, तर थेट अंतिम चाचणीला बसता येते. केवळ कार्ड दाखवून हा अनुभव मोजून घेतला जात नाही. कॅनडाला जाण्याचे ठरले असेल, तर हा उतारा भारतात असतानाच घेऊन ठेवावा, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

माझे लायसन्स जुन्या पुस्तिकेच्या स्वरूपातले आहे. ते ऑनलाइन दिसत नाही.

त्याची नोंद संगणकावर चढलेली नाही. अशा वेळी ज्या आरटीओने परवाना दिला, तेथे मूळ पुस्तिका घेऊन जावे आणि नोंद ‘सारथी’वर चढवून घ्यावी, ती झाल्याशिवाय नूतनीकरण, एक्स्ट्रॅक्ट किंवा आंतरराष्ट्रीय परवाना यांपैकी काहीच ऑनलाइन होत नाही. नवे क्रमांक राज्याची दोन अक्षरे, कार्यालयाचा दोन अंकी क्रमांक, चार अंकी वर्ष आणि सात अंक अशा रचनेचे असतात. पुण्याच्या परवान्याची सुरुवात एमएच १२ ने होते. तुमचा क्रमांक या रचनेत बसत नसेल, तर पुढच्या भेटीत पहिल्याच आठवड्यात हे काम हाती घ्यावे.

भारतीय परवाना संपला आहे, पण परदेशी परवाना आहे. त्यावर भारतात गाडी चालवता येईल का?

नुसत्या परदेशी परवान्यावर चालवू नये. सोबत त्या देशाने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना असावा. भारतासाठी तो १९४९ च्या करारानुसारचा लागतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून तो टपाल कार्यालयांऐवजी ‘पेपॉइंट’ची सुविधा असलेल्या दुकानांत साडेपाच पौंडांना मिळतो, आणि अमेरिकेत ‘एएए’ ही वाहनचालकांची संघटना तो देते. निघण्यापूर्वीच तो घ्यावा, कारण परदेशी परवान्यावर आधारलेला आंतरराष्ट्रीय परवाना भारतातले आरटीओ देत नाही.

कायमचे परतणाऱ्यांनी आणखी एक तरतूद लक्षात ठेवावी. अधिनियमाच्या कलम ९ नुसार, ज्याच्याकडे त्याच प्रकारच्या वाहनाचा परदेशातील सक्षम प्राधिकाऱ्याने दिलेला परवाना आहे, त्याला वैद्यकीय बाबींची पूर्तता केल्यावर चाचणीतून सूट मिळू शकते. अर्ज करताना या तरतुदीचा उल्लेख करावा आणि परदेशी परवाना मूळ स्वरूपात सोबत न्यावा. म्हणून परत येताना तिकडचा परवाना संपू देऊ नये.

भारतात कधीच लायसन्स काढले नाही. तीन आठवड्यांच्या सुट्टीत मिळेल का?

मिळणार नाही. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, त्यामुळे दोन भेटी या काळात बसत असतील तरच हा मार्ग शक्य आहे. ‘आठ दिवसांत पक्के लायसन्स’ असे कोणी सांगत असेल, तर तो नियम मोडून देणार आहे, हे समजून चालावे. तसा परवाना पुढे परदेशी कार्यालयाने तपासायला घेतला, तर तारखांवरूनच प्रश्न उभे राहतात.

आईवडील सहा महिन्यांसाठी आमच्याकडे येत आहेत. त्यांनी काय करावे?

प्रथम मुदत पाहावी. पंचावन्न वर्षांनंतर परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो, त्यामुळे ज्येष्ठांचे परवाने आपल्यापेक्षा लवकर संपतात, आणि मुक्कामाच्या मध्यावर मुदत संपली तर चाळिशीपुढची वैद्यकीय तपासणी परदेशातून करून घेता येत नाही. मुदत वर्षभराच्या आत संपणार असेल, तर निघण्यापूर्वीच नूतनीकरण करून घ्यावे, आणि नवे कार्ड हाती आल्यावर आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. ते भेटीवर आलेले असल्याने रहिवाशांच्या मुदती त्यांना लागू होत नाहीत, परंतु ज्या राज्यात किंवा प्रांतात राहणार तेथील पाहुण्यांसाठीचा नियम पाहावा. तुमची गाडी ते चालवणार असतील, तर विमा कंपनीला लेखी कळवून त्यांचे नाव चालक म्हणून जोडून घ्यावे, कारण वय आणि परदेशी परवाना या दोन्ही बाबींवर कंपन्यांचे नियम निराळे असतात. अमेरिकेत किंवा युरोपातल्या बहुतेक देशांत रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची असते. वडिलांना पुण्यातल्या गर्दीचा चाळीस वर्षांचा सराव असला, तरी पहिले काही दिवस त्यांच्या शेजारी बसून रिकाम्या रस्त्यावर डावीकडे वळण्याचा सराव करून घ्यावा. वळण पूर्ण झाल्यावर सवयीने डाव्या मार्गिकेत, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांपुढे शिरण्याची चूक तेथेच होते.